उसनं कुलूप

गीताबाई : पंखा बंद कर म्हनते ना! घरघर त्याची गल्लीत जाती.

रूपा : आत्याबाई, वर पत्रा तापलाय. जीव जाईल तुमचा.

गीताबाई : जीव गेला तर परवडंल. बाहेरून कुलूप आन् आतून पंखा चालू! आंधळ्याला बी कळंल घरात मानसं हायेत म्हनून.

रूपा : केला बंद. आता हळू बोला. आणि खिडकीसमोरून उठा, फळीच्या फटीतून दिसतं बाहेरच्याला.

गीताबाई : उठते. माझ्याच घरात मी चोर. सासू-सून दोघी डालीखाली कोंबड्या कोंडल्यावानी. म्या संघपालला म्हनलं, लेकरा, आमाला बी ने कुठं तरी. तर म्हनला, तुमी गल्लीत दिसल्या की कर्जाच्या गटातल्या बाया धरतील. आतच बसा, बाहेरून कुलूप लावतो. गावाला गेले समजून जातील निघून.

रूपा : बरोबर बोलले ते. आज गुरुवार. कंपनीचा साहेब मीटिंगला येतो, हप्ते गोळा करतो आणि जातो. तो गेला की हे येऊन कुलूप काढतील.

गीताबाई : पैसे घिऊन?

रूपा : फर्दापूरला करुणाताईकडंच तर गेलेत. देतील त्या काही तरी.

गीताबाई : देईल. लेक हाय माझी. भावाला मोकळ्या हातानं नाय लावायची... गप कामून झाली?

रूपा : काही नाही.

गीताबाई : तुझं "काही नाही" मला म्हाइत हाय. पोटात सुरी ठिऊन म्हनती तू काही नाही.

रूपा : मग काढू का सुरी? कर्ज कोणाच्या नावावर? माझ्या. फोटो कोणाचा काढला साहेबानं, हातात पाटी देऊन, चोराचा काढतात तसा? माझा. पैसे कोणी नेले? तुमच्या लेकीनं. आणि मला कोण म्हटलं होतं, "तिच्याकडं गट नाही, तू तुझ्या नावावर काढ, ती भरील"?

गीताबाई : म्या म्हनलं. मी कुठं नाय म्हनती? भरलेच की तिनं आधी.

रूपा : आधी. मग जावयाची लेणीजवळची गारगोट्यांची टपरी बसली. आता लेणीवर येणारा माणूस गारगोटी विकत घेत नाही, गारगोटीचा फोटो काढतो. तिथून हप्ता माझ्या गळ्यात. मेसवर पोळ्या लाटून भरला. मेस बंद पडली. मग दुसऱ्या कंपनीचं काढून पहिलीचं भरलं. एवढं सगळं झालं आणि ह्यांना कधी कळलं? बाया पहिल्यांदा दारात आल्या तेव्हा.

गीताबाई : मंग सांगायचं ना त्याला.

रूपा : तुम्हीच म्हणाल्या होत्या, संघपालला नको सांगू, बहिणीची लाज जाईल. ह्यांनी मला एकच विचारलं. म्हणे, "तू सही करताना मला नाही विचारलं, आईला विचारलं?" त्यानंतर नीट बोलले नाहीत माझ्याशी. भिंतीकडं तोंड करून झोपतात. मी पाणी दिलं तर घेतात, ग्लास खाली ठेवतात. माझ्या हातात परत देत नाहीत.

गीताबाई : श्श! कोनी तरी आलं.

रूपा : ...गेलं. भाजीवाला होता.

गीताबाई : छातीत कसं हून राहिलं बघ. हात ठिव.

रूपा : माझ्याच छातीतलं कानात वाजतंय. तुमच्यावर कुठं हात ठेवू?

गीताबाई : त्या आवडाबाईचा आवाज आला का मीटिंगमधून?

रूपा : अजून नाही. त्यांच्याच ओट्यावर तर बसतात सगळ्या. शेजार सख्खा. आणि गटाच्या प्रमुख त्याच. आधी कोणी आलं तर त्याच येतील.

गीताबाई : आवडाबाई माझ्या बाळंतपनापासूनची. संघपालची नाळ तिच्या सासूनं कापली. ती नाय यायची अंगावर.

रूपा : आत्याबाई, कंपनीचं कर्ज नाळ बघत नाही. माझा हप्ता चुकला की बाकीच्या चौघींनी भरायचा, असं त्यांच्याकडून लिहून घेतलंय. मागच्या वेळी आवडाकाकूंनी भरला. आज परत भरतील? तुम्ही भरला असता?

गीताबाई : नसता भरला. झिंज्या धरल्या असत्या तुझ्या.

रूपा : बघा.

गीताबाई : रूपे... मला जायचंय.

रूपा : कुठं?

गीताबाई : कुठं म्हंजी? मुतायला. सकाळधरनं दाबून धरलंय.

रूपा : संडास बाहेर आहे, आत्याबाई.

गीताबाई : मला सांगती? नगरसेवकाच्या मागं हिंडून हिंडून मीच बांधून घेतलाय तो. म्हनून तर सकाळपासून पान्याचा घोट घेतला नाय.

रूपा : मोरीत बसा. पण पाणी ओतू नका. मोरीचं पाणी नालीत जातं आणि नाली गटातल्या मालनबाईच्या दारावरून. ओलं दिसलं की समजेल तिला.

गीताबाई : हे बी बघायचं राह्यलं होतं. बाबासाहेबानं मानूस म्हनून ताठ उभं राहायला शिकवलं, आन् तुमच्या कंपनीनं मोरीत बशिवलं.

रूपा : माझी कंपनी नाही ती. जा. मी तोंड फिरवते.

गीताबाई : चप्पल बी दिसंना माझी.

रूपा : असेल खाटेखाली. तशाच जा.

गीताबाई : ...रूपे, ह्यो नळ गळंना आज. वरीसभर टपटप करत व्हता.

रूपा : ह्यांनी केला दुरुस्त. सकाळी.

गीताबाई : चांगलं केलं की.

रूपा : वर्षभर मी सांगत होते. रोज म्हणायचे, करू रविवारी. आज पहाटे उठून वायसर बसवला. मी चहा ठेवला तर म्हणाले, "बघ आता, एक थेंब पडत नाही."

गीताबाई : मंग? तोंड कामून असं केलंस?

रूपा : वर्षभर सांगत होते, आत्याबाई. आजच का?

गीताबाई : मानसाच्या मनात आलं, केलं. तू उगा काही बी काढू नको. हात दे, उठव मला.

रूपा : उठा. सावकाश.

गीताबाई : एक इचारू? आपल्या घराला कुलूप कधी नव्हतं. मी कायम दारात बसलेली, कुलूप लागतं कशाला? संघपालनं आनलं कुठून?

रूपा : घेतलं असेल नाक्यावर.

गीताबाई : घेतलं? खिशात दमडी नाय आन् कुलूप घेतलं?... ते काय वाजून राहिलं?

रूपा : माझा फोन. आवाज बंद केला होता, पण डब्यावर थरथरतोय. करुणाताईचा आहे.

गीताबाई : घे, घे! पैसे दिले म्हनून सांगाया केला आसंल. म्या म्हनलं नव्हतं?

रूपा : हॅलो... ताई, हळू बोला... हो, घरातच आहोत... काय?... नाही ओ, सकाळच्याच गाडीनं निघाले... तुमच्याकडंच म्हणून निघाले... बरोबर ऐकलं ना तुम्ही मी काय म्हणते ते?... तुम्ही लावून बघितला? बंद... नाही, मीही... बरं. आत्याबाई इथंच आहेत. नंतर बोलते.

गीताबाई : काय म्हनली?

रूपा : काही नाही.

गीताबाई : आता काही नाही म्हनलीस तर बोंबलीन मी. सगळी गल्ली गोळा करीन.

रूपा : हे फर्दापूरला पोचलेच नाहीत. हे येणार आहेत, हेही करुणाताईला माहीत नव्हतं. त्यांनी सहज फोन केला होता, तुमची तब्येत विचारायला.

गीताबाई : गाडी बंद पडली आसंल सिल्लोडला. त्या रस्त्यानं गाड्या बंद पडत्यात.

रूपा : आणि फोन?

गीताबाई : चार्जिंग. त्याच्या फोनला चार्जिंग कुठं राहतं?

रूपा : रात्रभर लावलेला होता. मी बघितला.

गीताबाई : मंग पैशाच्या नादानं दुसऱ्या कोनाकडं गेला आसंल! मित्र नसत्यात का मानसाला? तू माझ्याकडं असं नको बघू, रूपे. बघू नको असं.

(दारावर थाप पडते. थोडं थांबून दुसरी. कुलूप कडीवर आपटतं. रूपा सासूच्या तोंडावर हात ठेवते.)

आवडाबाई : रूपा. ए रूपा... जय भीम, आक्का... नाय बोलायचं? बरं. नका बोलू. मी दाराशी बोलते. दार तरी ऐकंल.

गीताबाई : आवडाबाईच हाय. तिला कसं कळलं?

रूपा : कळलं नाही. अंदाज घेतात. श्श.

आवडाबाई : माझ्या ओट्यावर मीटिंग बसलीय. सगळ्या बसल्या. कंपनीचा तो हिमांशू सर बी बसला. पोरगं माझ्या शिवराजपेक्षा ल्हान. शिवी देत नाय, आवाज चढवत नाय. पानी मागतो, पितो आन् म्हनतो, "ताई, पाचही जणींचा हप्ता आला की मी निघतो. मला काही घाई नाही." त्याला कशाची घाई? घाई आमाला. मालनबाईचा नातू घरात तापानं फणफणला, तिला उठू देईना. "ताई, तुम्ही गटातल्या ना? मग बसा." गुंड पाळायची गरज काय ह्या लोकांना? आमी चौघी हाव ना, बिनपगारी.

गीताबाई : खरं बोलती.

रूपा : गप बसा हो!

आवडाबाई : मागचा हप्ता तुझा मी भरला, रूपा. मोनालीचं कानातलं मोडून. सून माझी तवापासून माझ्याशी बोलत नाय. एका चुलीवर दोघी, आन् भाजीत मीठ हाय का नाय तेबी इचारत नाय. तिच्या आईनं घातलेलं होतं ते. मी काय सांगू तिला? "रूपाची लाज राखली" म्हनू? ती म्हनती, "मंग रूपालाच करून घ्यायची होती सून." आज बाया म्हनल्या, दार फोडू. गॅसची टाकी उचलू, मिक्सर उचलू, हातात येईल ते उचलू. मी म्हनलं, घरात कोनी नाय, सगळे गावाला गेले. हौ. मी म्हनलं. गटाची प्रमुख, सगळ्यांसमोर खोटं बोलले. आन् मला सकाळपासून म्हाइत हाय तुमी दोघी आत हायेत.

गीताबाई : अगं आई.

आवडाबाई : आता म्हनशाल कसं. त्याचं असंय, हे कुलूप माझं हाय. संघपाल आमच्याकडून मागून घेऊन गेला. "मोनाली, सगळे गावाला चाललो, कुलूप दे." मोनालीनं दिलं. सकाळी मी बघते, त कुलूप लागलेलं आन् आक्काची चप्पल दारात! आक्का काय अनवानी गेली गावाला? ह्या घरातल्या मानसाला लपता बी येईना धड. म्या उचलली ती चप्पल आन् पदराखाली घालून माझ्या घरात नेऊन टाकली. मालनबाई झाडायला निघायच्या आत.

गीताबाई : बघ, म्या म्हनलं नव्हतं, चप्पल दिसंना म्हनून?

रूपा : आत्याबाई, पाया पडते तुमच्या.

आवडाबाई : अजून नाय बोलायचं? बरं. मंग हे ऐक. तुझी प्रेरणा मीटिंगमधी बसलीय.

रूपा : प्रेरणा?

गीताबाई : बोललीस! बोललीस ना तू!

रूपा : काकू, प्रेरणा कशी इथं? शाळा सुटली की उस्मानपुऱ्याला माझ्या बहिणीकडं जा म्हणून सांगितलं होतं मी तिला. बसचे पैसे दिले होते.

आवडाबाई : वाचा फुटली एकदाची. मालनबाईनं धरून आनली स्टॉपवरून. हाताला धरून, मारलं-बिरलं नाय. साहेबानं बिस्किटाचा पुडा काढला बॅगमधून. लई मायेनं इचारलं, "बेटा, मम्मी कुठे आहे?" पोरगी म्हनली, गावाला. आजी? गावाला. पप्पा? गावाला.

रूपा : मीच शिकवलं होतं. सकाळी वेणी घालताना.

आवडाबाई : चांगलं शिकवलंस. मंग मालनबाई म्हनली, "पौर्णिमेला विहारात पुढं उभी राहून पंचशील तूच म्हनतेस ना? चौथं म्हन बरं." पोरगी उभी राह्यली. हात जोडले. खोटं बोलनार नाय ते चौथं शील, सगळं म्हनलं, एक अक्षर नाय चुकलं. मालनबाई म्हनली, "आता सांग, आई कुठंय?"

रूपा : काय म्हणाली?

आवडाबाई : गावाला.

गीताबाई : लेकरू गं माझं.

आवडाबाई : म्हनली आन् हसली, आक्का. रडली असती त मला बरं वाटलं असतं. हसली ती. मोठ्या बाईवानी. मला धडकी भरली तिच्या तोंडाकडं बघून. तिथनं उठले ती सरळ इथं आले.

रूपा : काकू, तिला तुमच्या घरात नेऊन बसवा. तेवढं करा. हे आले की कुलूप काढतील, मग मी स्वतः येते साहेबासमोर. पण हे येऊ द्या आधी.

आवडाबाई : रूपा.

रूपा : त्यांनी सांगितलंय, मी आल्याशिवाय हलू नको. त्यांचं एवढं तरी ऐकू द्या मला. सही करताना नाही विचारलं, आता तरी...

आवडाबाई : रूपा, ऐक. ह्या कुलपाला दोन चाव्या हायेत.

रूपा : माहीत आहे. असतातच दोन. एक तुमच्याकडं असेल, एक ह्यांच्याकडं.

आवडाबाई : दोन्ही माझ्या हातात हायेत.

रूपा : म्हणजे?

आवडाबाई : सकाळी तुमाला कोंडलं आन् चावी मोनालीच्या हातात दिऊन गेला. मोनाली बोलत नाय ना माझ्याशी! मगाशी बोलली. मीटिंगमधून मला आत बोलवून हातावर चावी ठिवली आन् म्हनली, "दादा सांगून गेले, साहेब गेला की काकूला उघडायला सांग. आईला आधी पानी द्यायला सांग. ती प्यालेली नसंल."

रूपा : असं म्हणाले?

आवडाबाई : हौ.

रूपा : म्हणजे कुलूप काढायला ते स्वतः येणार नव्हते.

गीताबाई : आसं कामून म्हनती? घाई आसंल त्याला. यायला उशीर हुईल म्हनून दिऊन गेला आसंल. शहाना हाय माझा पोरगा.

रूपा : काकू, फर्दापूरला गेलेच नाहीत ते. करुणाताईचा फोन आला होता. ह्यांचा फोन बंद आहे. तुमच्याकडं कोणाला दिसले का?

आवडाबाई : शिवराजला दिसला होता. ड्युटीवरून येताना. त्याला वाटलं, चालला आसंल कामाला, म्हनून थांबला नाय.

रूपा : कुठं दिसले?

आवडाबाई : दौलताबादच्या रोडनं. पायी.

रूपा : पायी? फर्दापूरची गाडी तर उलट्या बाजूला लागते.

आवडाबाई : तेच तर.

रूपा : आत्याबाई, तिकडं कोण आहे आपलं? कोणी आहे का? जुनं पाव्हणं, मित्र, कोणीही. आठवा.

गीताबाई : तिकडं... तिकडं कोनी नाय.

रूपा : काकू, उघडा.

गीताबाई : थांब! आवडाबाई, नको उघडू. रूपे, आधी मला वचन दे. बाहेर करुणाचं नाव घ्यायचं नाय.

रूपा : काय?

गीताबाई : बाया इचारतील, पैसं कुठं घातलं. तू तिचं नाव घेशील. बाया लगीच तिकडं फोन लावतील. तिच्या सासऱ्याला ठावं नाय हे कर्जाचं. जावई तिला हाकलून दील. त्याला निमित्तच पायजे. दोन लेकरं घिऊन ती कुठं येईल? हितंच येईल ना, ह्या कुलपात?

रूपा : अजून लेकच? आत्याबाई, तुमचा मुलगा भर उन्हात फोन बंद करून चालत निघालाय आणि तुम्हाला अजून लेकीची अब्रू?

गीताबाई : दोन्ही माझेच हायेत गं! कोनता हात तोडू?

रूपा : मला नका विचारू. मला विचारून तुम्ही ह्यात हात घातला नव्हता. माझ्याच हातानं सही घेतली. माझ्याच नवऱ्याला अंधारात ठेवलं. मी गप राहिले, का तर सासू म्हणते. आज पोरगी पंचशील म्हणून खोटं बोलली आणि हसली. उद्या ती माझ्याशी बोलताना हसेल तसंच. मला कळणार नाही, खरं बोलते की खोटं. ह्याच्यापेक्षा मालनबाईनं झिंज्या धरलेल्या परवडल्या.

आवडाबाई : धरील ती. आदीच सांगते.

रूपा : धरू दे. काकू, मी भितेय, खोटं नाही सांगत. पण उघडा.

आवडाबाई : आक्का? घर तुझं हाय. तू सांग. बोल लवकर. साहेब मान वर करकरून बघाय लागला हिकडं.

गीताबाई : घे तिचं नाव. घे, रूपे. माझं बी घे. सांग, सासूनं बुडिवलं. आधी माझ्या लेकराला हुडका.

रूपा : काकू, शिवराजला गाडी काढायला सांगा. दौलताबाद रोडनं. मी बसते मागं.

आवडाबाई : साहेब सोडंल का तुला? तू दिसली की टॅब काढून फोटो घेईल. मीटिंग सुटल्याशिवाय कोनाला उठू देत नाय तो.

रूपा : मग?

आवडाबाई : मग काय? आमीच उठतो. मालनबाईचं मी बघते. तिचं बी लेकरू तापलेलं हाय, तिला कळंल. न कळलं त तिच्या शिव्या मी खाईन. आन् त्या साहेबाला म्हनते, बस बापा तू. हा ओटा, हा पान्याचा तांब्या. तुला घाई नाय ना? बस एकटा.

रूपा : आणि हप्ता?

आवडाबाई : हप्ता मी माफ नाय केला, रूपा. मोनालीचं कानातलं बी नाय विसरले. संघपाल सापडू दे, त्याच्यासमोर भांडते तुझ्याशी. पोटभर भांडते. सापडू दे एकदा... गंजलंय मेलं. फिरंना चावी.

रूपा : दुसरी लावून बघा.

आवडाबाई : हां. निघालं. ढकल.

रूपा : आत्याबाई, चला. धरा हात.

गीताबाई : मी नाय येत. मला हितं उंबऱ्यात बसव. माझी जागा हाय ती.

रूपा : ऊन आहे तिथं.

गीताबाई : असू दे. तू जा. आदी पोरीला जवळ घे, मंग गाडीवर बस. आन् रूपे... तो दिसला तर वरडू नको त्याच्यावर. काहीच बोलू नको. नुस्ती त्याच्या बाजूला जाऊन उभी राह्य.

रूपा : हं.

आवडाबाई : आक्का, हे पानी घे. त्यानं सांगितलेलं हाय.

गीताबाई : ठिव हितं. तो आल्यावर पिते.

आवडाबाई : मंग दार ओढून कुलूप लावून जाते मी. तू दाराबाहेर बस. सगळ्याच बाया काय माझं ऐकायच्या नायत. घर उघडं दिसलं त टाकी उचलून नेतील.

गीताबाई : नेऊ दे टाकी. कुलूप घिऊन जा तुझं, आवडाबाई. तो आला तर लांबूनच बघंल. कुलूप दिसलं तर फिरंल माघारी.